फिट थांबली, पण राग आवरेना

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, मी सोलापूरहून लिहितेय. आमचे हे ३४ वर्षांचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतात. दिवाळीच्या सुमारास पहिली फिट आली, आधी उजवा हात उडायला लागला, तोंड वाकडं झालं अन् मग सगळं अंग. एमआरआयमध्ये मेंदूत जुना डाग निघाला, लेव्हेटिरासिटाम ५०० ची सकाळ-संध्याकाळ चालू झाली. पाच महिने एकपण फिट नाही. पण माणूसच बदललाय हो, कधी आवाज न चढवणारा माणूस भाकरी गार लागली म्हणून ताट भिरकावतो, पोरावर हात उचलतो आणि रात्री स्वतःच रडत बसतो. सासूबाई म्हणतात कामाचं टेन्शन, दीर म्हणतो गोळ्याच बंद करा. मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची दिली, काही फरक नाही. काय करावं कळंना झालंय. दुसरी कुठली गोळी चांगली, आमची आम्ही बदलली तर चालेल का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी घरात सगळ्यांना आणि ह्यांना स्वतःलाही सांगा की हा राग बहुतेक गोळीचा आहे, माणसाचा नाही. लेव्हेटिरासिटाम चांगलं औषध आहे, दुसऱ्या औषधांच्या फारसं आड येत नाही म्हणून डॉक्टर ते आधी देतात, पण काही जणांना त्यानं चिडचिड, उदासी, रडू येणं असलं होतं, आणि हा त्याचा माहितीतला साइड इफेक्ट आहे.

आता दिराचं म्हणणं. गोळी एकदम बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. एकदम सोडली की दबलेल्या फिट एकामागून एक येऊ शकतात आणि थांबतच नाहीत अशी वेळ येते, पाच मिनिटांच्या वर फिट चालली तर थेट १०८ ला फोन. आणि मेडिकलमधून जे बदलून आणलंत ते बदललंच नाही हो, पाकिटावर मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं, खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचा, तिथं लेव्हेटिरासिटामच असणार.

सगळ्यात चांगली अशी एक गोळी नसते. फिट कुठल्या प्रकारची आणि माणूस काय काम करतो यावर सगळं ठरतं. ह्यांची फिट एका हातापासून सुरू होते, म्हणजे मेंदूच्या एका जागेवरून, त्याला कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन ही औषधं चालतात. ज्यांना सकाळी उठल्या उठल्या हातापायाला झटके येतात अशा काही पोरापोरींना मात्र कार्बामाझेपिननं उलट वाढतं, म्हणून शेजारच्याला लागू पडली ती गोळी आपल्याला असं करू नका.

डॉक्टर कदाचित आधी किडनीची तपासणी बघतील, कारण लेव्हेटिरासिटाम लघवीवाटे बाहेर पडतं, किडनी मंद असेल तर अंगात साठतं, मग डोस कमी करूनच भागतं. नाहीतर ब्रिव्हॅरासिटाम, हे त्याच घराण्यातलं, पण रागाचा त्रास बऱ्याच जणांना कमी, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर बदल पटकन होतो. दोन्ही एकत्र घेऊन फायदा नसतो. लॅमोट्रिजिन मनाला सौम्य आहे, पण ते मुंगीच्या पावलानं वाढवावं लागतं, साधारण २५ मिलिग्रॅमपासून दोन-दोन आठवड्यांनी, घाई केली तर अंगावर घातक पुरळ येऊ शकते, त्यामुळं ते पुरेसं होईपर्यंत जुनी गोळी सोबत चालूच राहते. मधेच पुरळ आली, त्यात ताप किंवा तोंडात फोड असतील तर त्याच दिवशी दाखवा. कार्बामाझेपिन जुनं आणि स्वस्त, पण त्यालाही पुरळ होऊ शकते आणि रक्तातलं सोडियम उतरू शकतं, ते तपासत राहायचं.

एक गोष्ट सोलापूरकर म्हणून मुद्दाम सांगतो. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड कुणी सुचवलं तर डॉक्टरांना कामाची जागा नक्की सांगा, या औषधांनी काहींना घाम कमी येतो आणि आपल्याकडं मे महिन्यात मागांच्या शेडमध्ये घामच आला नाही तर अंग तापत जातं.

पुढच्या तारखेची वाट बघू नका, याच आठवड्यात जा आणि तुम्ही स्वतः आत जा. पुरुष माणूस फिट नाही, बरंय म्हणतो, दोन मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर, आणि ताटाची गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. गोळी कधी सुरू झाली, राग कधीपासून, वहीत लिहून न्या. तोवर ते तापले की पोराला घेऊन दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी जा. आणि जगून काय उपयोग असं काही बोलले तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना, आणि रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

गोळी बदलताना फिट परत यायचा धोका थोडा वाढतो, म्हणून तेवढे आठवडे गाडी नको आणि मालकाला सांगून फिरत्या मशीनपासून लांबचं काम मागा, घडी-पॅकिंगचं चालेल. नवीन गोळी बसल्यावरही उदासी राहिलीच तर तेही सांगा, तिच्यावर वेगळा इलाज आहे आणि तो फिटच्या गोळीसोबत चालतो.