विमानातलं ‘पडल्यासारखं’ वेगळं, अंथरुणातली गरगर वेगळी

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून भर पावसात विमान सुटलं, ढगात शिरल्या शिरल्या आपण खाली चाललोय असं वाटलं, मग बराच वेळ विमान एका अंगाला कललेलं वाटत राहिलं आणि शेजारची माणसं मात्र निवांत. त्यानंतर महिन्याभरात पहाटे कुशीवर वळलं की खोली फिरायला लागली. दवाखान्यात दोन्ही तक्रारी एकाच कागदावर लिहून घेतल्या, मानेचा पट्टा दिला आणि विमान बंद करायला सांगितलं. आता हैदराबादचं तिकीट रद्द करायचं तुमच्या मनात आहे. ते एवढ्यात करू नका. ह्याच वाटेने मी गेलोय म्हणून लांबलचक लिहितोय. मी डॉक्टर नाही, शिरोलीत फौंड्रीत नोकरीला आहे. त्यामुळे हे सगळं तुमच्या डॉक्टरांशी ताडून बघा.

कानात तोल सांभाळणारा भाग असतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. पण त्याला वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो, हे सहसा कुणी सांगत नाही. सरळ आणि एकाच वेगाने चाललेल्या विमानात डोळे मिटले तर आपण घरी खुर्चीत बसलोय की हजारो फुटांवर आहोत, हे कान सांगूच शकत नाही.

आधी तुमचं ‘खाली चाललोय’ घ्या. कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, डोकं कललं की ते सरकतात. पण डोकं मागे झुकलं काय आणि शरीर पुढे जोरात ढकललं गेलं काय, खडे मागेच सरकतात. त्यांना ह्या दोन्हीतला फरक कळत नाही. म्हणून विमान वेग घेत असताना नाक प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त वर उचललंय असं वाटतं. थोडी उंची गाठली की पायलट इंजिनाचा जोर कमी करतो, नाकही जरा खाली घेतो. वेग वाढायचा थांबतो, खडे जागेवर येतात, आवाजही उतरतो. विमान अजून वरच चढत असतं, पण आपल्याला मात्र ‘गेलो खाली’ असं वाटतं. खिडकीबाहेर नुसतं पांढरं असेल तर ते खोटं ठरवायला डोळ्यांकडे काही नसतं. तुमचा कान त्या वेळी बिघडला नव्हता. धडधाकट कान हेच करतो.

कलल्यासारखं का वाटत राहिलं, ते दुसऱ्या भागामुळे. कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यांत द्रव असतो. बादलीत पाणी घेऊन बादली जागच्या जागी फिरवून बघा. आधी बादली फिरते, पाणी मागे राहतं. फिरवत राहिलात तर पाणीही त्याच वेगाने फिरायला लागतं. बादली थांबवली तरी पाणी त्याच दिशेने फिरत राहतं. नळ्यांतही तेच होतं. विमान एका लयीत वळत राहिलं तर साधारण 10 ते 20 सेकंदांत वळण्याची जाणीव ओसरते, आणि विमान सरळ झालं की उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. शिवाय विमान अगदी हळू कललं तर नळ्यांना त्याचा पत्ताच लागत नाही. मग ते झटकन सरळ केलं की दुसऱ्या अंगाला कलल्यासारखं वाटतं.

मी एकदा पावसाळ्यात खिडकीशी बसलो होतो, समोरच्या ट्रेवर पाण्याची बाटली. कललंय असं वाटत होतं म्हणून बाटलीतल्या पाण्याकडे टक लावून बसलो. पाणी ट्रेला अगदी समांतर. म्हटलं सरळ आहे. तेवढ्यात ढग फाटले आणि पंचगंगेचा पूर आलेला पट्टा अर्ध्या खिडकीत आडवातिडवा दिसला. विमान चांगलंच कललेलं होतं, पाणी मात्र हललं नव्हतं. नीट घेतलेल्या वळणात सगळा जोर सरळ सीटच्या दिशेनेच पडतो. त्यामुळे पाण्यालाही कलल्याचं कळत नाही आणि कानालाही नाही.

पायलटचा कानही आपल्यासारखाच असतो. 1954 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात, नुसत्या उपकरणांवर उडवायचं शिक्षण नसलेल्या 20 जणांना बाहेरचं काही दिसणार नाही असं करून विमान चालवायला दिलं होतं. विसांच्या विसांच्या हातून ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. आणि आपल्या मुंबईची गोष्ट तर घरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ सांताक्रूझहून दुबईला निघालं, किनारा ओलांडून अंधाऱ्या समुद्रावर आलं. कॅप्टनच्या समोरचं क्षितिज दाखवणारं उपकरण उजवीकडे कलल्याचं दाखवत अडकलं. ते खरं धरून कॅप्टन विमान डावीकडे घेत गेले आणि विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. 213 माणसं गेली. बाकीची उपकरणं बरोबर दाखवत होती, पण खाली दिवा नाही, वर क्षितिज नाही, आणि कोणतं खरं हे कान ठरवू शकत नाही.

तुम्हाला घाबरवायला हे लिहिलं नाही. म्हणूनच आता पायलटला कानावर नव्हे तर उपकरणांवर विसंबायला घोटून घोटून शिकवतात आणि दोन उपकरणांत तफावत आली तर कॉकपिटमध्ये इशारा येतो. आपल्या सीटवर बसून आपल्याला काय वाटतं, ह्यावर तिथं काहीच चाललेलं नसतं.

आता ज्याचा मला खरा राग आहे तो मुद्दा. विमानातलं ते वाटणं आणि कुशीवर वळल्यावरची गरगर ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. मी ज्या ठिकाणी गेलो त्याचं नाव लिहिणार नाही, पण पुष्कळांना ओळखू येईल असं मोठं ठिकाण आहे. मी ‘विमान’ आणि ‘चक्कर’ हे दोन शब्द उच्चारले आणि पुढचं कुणी ऐकलंच नाही. मानेचा एक्सरे, मग एमआरआय, ‘मणक्याची झीज आहे, विमानाची भीती पण आहे’, पट्टा, चक्कर दाबायच्या गोळ्या, परत या. चाळिशीनंतर पुष्कळांच्या एक्सरेत थोडी झीज दिसते, त्यावरून चक्कर मानेमुळेच आहे हे कसं ठरतं? त्या गोळ्या मी महिनोन्महिने घेतल्या, दिवसभर झोपाळलेला. भट्टीच्या आसपास पट्टा घालून फिरणं काय असतं ते घामाने ओला झालेला पट्टाच सांगेल. बंगळूरच्या ग्राहकांचं काम माझ्याकडे होतं. विमान बंद म्हटल्यावर रात्रीच्या स्लीपर बसने जायचो, तिथे वळणावर कूस बदलली की पुन्हा गरगर. शेवटी कंपनीने ते काम दुसऱ्याला दिलं, ते परत आलं नाही. आणि एवढ्या सगळ्यात मला पलंगावर आडवं करून कुणीही बघितलं नाही!

ती तपासणी एका मिनिटाची आहे आणि तिला यंत्र लागत नाही. दुसऱ्या एका कान-नाक-घसा डॉक्टरांनी केली. मला पलंगावर पाय लांब करून बसवलं, मान उजवीकडे 45 अंश वळवली, डोळे उघडे ठेवा म्हणाले आणि झटकन मागे झोपवलं, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबतं. दोन-चार सेकंद काही नाही. मग खोली सुटली. डॉक्टर माझ्या डोळ्यांकडे बघत होते, बुबुळं ठराविक दिशेने थडथड उडत होती. मिनिटाच्या आत थांबलं. ते म्हणाले, कानातले खडे सुटून नळीत गेलेत. डिक्स आणि हॉलपाइक ह्यांनी 1952 मध्ये लिहून ठेवलेली ही तपासणी. आणि ते खडे डोकं क्रमाने फिरवून परत जागेवर न्यायची एपली ह्यांची पद्धत 1992 मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे मी पट्टा बांधून फिरत होतो तेव्हा हे काही कालपरवाचं ज्ञान नव्हतं.

यूट्यूब बघून घरी स्वतःच करू नका, निदान पहिल्यांदा तरी. कान कुठला, तीनपैकी नळी कुठली, ह्यावर डोकं कसं फिरवायचं ते बदलतं. मानेचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा खरोखर त्रास असेल तर ते आधी सांगा. चालू गोळ्याही मनाने बंद करू नका, पण ‘किती दिवस घ्यायच्या?’ हे स्पष्ट विचारा. त्या फार काळ घेतल्या तर मेंदूला नव्याने तोल सावरायला शिकू देत नाहीत असं मला सांगितलं होतं, आणि आता मला ते पटतं. ह्या खड्यांसाठी ड जीवनसत्त्वही तपासायला हरकत नाही. खडे पुन्हा सुटू शकतात, सुटले तर पुन्हा जायचं. पण चकरेबरोबर बोबडी वळणं, एकाचं दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं, असह्य डोकेदुखी किंवा एका कानाने अचानक ऐकू न येणं, ह्यातलं काही असलं तर हे सगळं विसरा आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.

विमानासाठी थोडं. पंखांजवळची सीट घ्या, तिथं हिसके कमी. एटीआर ह्या पंख्याच्या छोट्या विमानाचे पंख वर असतात, त्यामुळे तिथूनही खाली जमीन दिसते, ढग नसतील तर क्षितिजाकडे बघत बसा. विमान वळत असताना खाली पडलेला मोबाईल उचलायला वाकू नका. वळणात डोकं वाकवलं की दुसऱ्या नळ्याही हलतात आणि सगळंच उलथंपालथं झाल्यासारखं होतं, पायलटनाही हे मुद्दाम टाळायला शिकवतात. फोनमध्ये डोकं घालून बसू नका, गगनबावड्याच्या घाटात ज्याने मळमळतं त्यानेच इथेही मळमळतं. सर्दी जाम असेल तर मात्र प्रवास पुढे ढकला, उतरताना कान फार दुखतो.

उद्या सकाळी एवढं करा. कुठल्या कुशीवर वळल्यावर जास्त गरगरतं, डावी की उजवी, आणि ते मिनिटाच्या आत थांबतं का, हे लिहून ठेवा. दवाखान्यात विमानाचा विषय पहिल्यांदा काढूच नका, आधी हे सांगा. आणि झोपवून तपासल्याशिवाय उठू नका. तिकिटाचं काय करायचं ते त्यानंतर त्यांनाच विचारा.