उत्पत्तीपासून सुरू करू नका हो

भाऊ, बायबल उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून धरलंत की लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकात घोडं अडतं. माझं दोनदा अडलं. आधी मार्क घ्या, येशूची गोष्ट सांगणारं पुस्तक, 16च अध्याय. मग याकोबाचं पत्र.

रोज थोडंच वाचा, पण त्यातलं एक तरी त्याच दिवशी करा. नीतिसूत्रे या पुस्तकात 11:1 मध्ये (अध्याय 11, ओळ 1) खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो म्हटलंय. ते वाचून खानापूरच्या बाजारात मी माझ्या तागडीखाली वजन मारायला चिकटवलेली चिंच खरवडून काढली. (होती की!)

दोन चुका टाळा:
- डोळे मिटून बोट ठेवलेली ओळ म्हणजे आज्ञा नव्हे. मागचं-पुढचं वाचा.
- बायकोला इफिसकरांस पत्रातली 5:22 (बायकोनं नवऱ्याच्या अधीन राहावं) ऐकवण्याआधी तिथलीच 25वी ओळ (नवऱ्यानं बायकोवर प्रीती करावी) वाचा.

अडलं तर शेजाऱ्याचं कन्नड बायबल बघा, अर्थ बऱ्याचदा तिथं सुटतो. भाष्यग्रंथ सध्या राहू देत.