विपश्यना करूनही हात उठला

तुम्ही लिहिलंय, इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना ध्यानकेंद्रात दहा दिवसांचं शिबिर केलं, महिनाभर घरात आवाज चढला नाही. आणि परवा गणित चुकलं म्हणून सातवीतल्या मुलाच्या थोबाडीत मारलीत. बायको म्हणाली, "दहा दिवस गप्प बसून काय मिळवलंत?" आता विचारताय, पुन्हा शिबिराला जाऊ का?

जा की, पण इतक्यात नको. तिथे मौन, मोबाइल नाही, ताट आयतं, डिवचणारं कुणी नाही. तिथे राग आला नाही यात नवल ते काय! खरी बैठक रात्री नऊला गणिताच्या वहीसमोर असते.

मारण्याआधी कान तापले, दात आवळले, हे तुमच्याच पत्रात आहे. म्हणजे वर्दी मिळाली होती. पण "मी साधना करतो, मला राग येताच कामा नये" म्हणत तुम्ही ती दडपलीत. सजग माणसालाही राग येतो हो, फक्त त्याला तो लवकर कळतो. कान तापले की वही मिटा, "मला राग आलाय, थोड्या वेळाने बसू" असं स्पष्ट सांगा आणि गॅलरीत जा. तिथे श्वासाकडे बघा, सावकाश सोडा. पोराच्या चुका मात्र घोळवत बसू नका, राग पुन्हा चढेल.

मित्राने सुचवलेली पंचिंग बॅगही नको. रागावर संशोधन करणारे ब्रॅड बुशमन आणि सहकाऱ्यांनी 154 अभ्यास एकत्र तपासून 2024 मध्ये निष्कर्ष मांडला: शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान वगैरेंनी, राग उतरतो. दमवून, आदळआपट करून तो "बाहेर पडत" नाही. जॉगिंगने तर वाढलेलाच दिसला.

आता मला सगळ्यात खटकलेलं. शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की तुमच्या स्कूटरचा आवाज आला की मुलगा वही दप्तरात कोंबतो. तुमच्या घरात सगळ्यात सजग तोच आहे, कानोसा घेत बसलेला. आजच त्याची माफी मागा, "पण तूही..." न जोडता. गणित काही दिवस दुसऱ्या कुणाकडे सोपवा.

पुन्हा हात उठला तर शिबिराचा फॉर्म नंतर, आधी समुपदेशक गाठा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. बायकोलाही देऊन ठेवा.