लहान सेवाभावी संस्थांचे म्हणणे धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत कसे पोहोचेल?

आपण विचारले आहे की, पुण्यातील लहान सेवाभावी संस्था वर्षानुवर्षे वस्त्यांमध्ये राबतात, तरी निर्णय घेताना महापालिका किंवा देणगीदार कंपन्या त्यांना विचारत नाहीत. मग त्यांचा आवाज बळकट कसा व्हावा? पर्वती पायथ्याच्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या एका न्यासाची कार्यकर्ती म्हणून उत्तर देते. माझ्या मते बोलण्याचा अधिकार नोंदणी क्रमांकातून किंवा अहवालातल्या छायाचित्रांतून मिळत नाही. ज्यांच्या वतीने संस्था बोलते, त्यांनीच तो तिला दिलेला असावा लागतो.

पुण्याला ही गोष्ट नवी नाही. १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने ठिकठिकाणी माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. लोकांचा अधिकार आणि जागेवर जाऊन मिळवलेली माहिती, या दोन्ही गोष्टी आज आपल्यापैकी फार थोड्या संस्थांकडे आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्याकडे लाभार्थ्यांच्या याद्या असतात, पण त्या लाभार्थ्यांना संस्थेच्या सभेत मत नसते.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीकडे पाहा. १९९३ साली उभी राहिलेली ही कचरावेचकांचीच संघटना आहे आणि सभासदांमध्ये बहुसंख्य महिला आहेत. तिने दया मागितली नाही. वेचकांच्या श्रमामुळे महापालिकेचा कचरा वाहून नेण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च किती वाचतो, याचा हिशेब मांडला. आधी ओळखपत्रे मिळाली आणि २००८ मध्ये कचरावेचकांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला.

आमचा अनुभव त्यामानाने लहान आहे. एका वस्तीत पाणी अपुरे येते, असे निवेदन आम्ही दर उन्हाळ्यात देत असू; पोच मिळे आणि विषय तिथेच संपे. मग गल्लीतल्या महिलांनी वही घातली: तारीख, नळाला पाणी आल्याची वेळ, गेल्याची वेळ, भरलेले हंडे. ती वही घेऊन त्या स्वतःच महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेल्या आणि स्वतःच बोलल्या. अभियंत्यांनी व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळांचे आपले रजिस्टर काढले, तेव्हा दोन्हींतल्या वेळा जुळत नाहीत हे त्यांनाच दिसले, आणि चर्चा तक्रारीवरून दुरुस्तीवर आली.

अशा नोंदी ठेवायला, त्या टंकलिखित करायला आणि कार्यालयात पाठपुरावा करायला माणूस लागतो, आणि त्याच्या पगाराला पैसे देणारा सहसा मिळत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यातली प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चासाठी आहे. तरीही ती संस्थेवरच आहे असे समजून अनेक संस्था प्रस्तावातून हिशेबनिसाचा आणि नोंदी ठेवणाऱ्याचा पगार आपणहून वगळतात. तो वगळू नका. प्रकल्पाची आखणी, देखरेख आणि मूल्यमापन हा प्रकल्पाचाच खर्च आहे, हे प्रस्तावात स्पष्ट लिहा आणि बैठकीत त्यावर ठाम राहा.

परदेशी निधी घेत असाल, तर मात्र परदेशी निधीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत मिळणाऱ्या अशा पैशावर लहान संस्थेने विसंबू नये.

महापालिकेकडे जाण्याची वेळही साधावी लागते. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर दिलेले निवेदन वर्षभर पडून राहते. मंजुरीच्या कित्येक महिने आधी क्षेत्रीय कार्यालये नागरिकांकडून कामे सुचवण्याचे अर्ज घेतात. तेव्हा एकाच प्रभागातल्या चार-पाच संस्थांनी वस्तीतल्या लोकांच्या सह्यांसह एकच अर्ज द्यावा आणि सोबत वहीच्या प्रती जोडाव्यात.