नाव खोडलं म्हणजे झालं का?

प्रश्न: मी स्टाफ नर्स आहे. मागच्या महिन्यात आमच्याच लॅबमधली एक मुलगी ॲडमिट झाली आणि दोन दिवसांत तिचा रिपोर्ट सगळ्यांना माहीत, ज्यांचा तिच्या उपचाराशी काही संबंध नाही अशांनीही कॉम्प्युटरवर तिची फाइल उघडून बघितली. मी बोलले तर सिनियर म्हणाल्या, अगं आपलीच आहे ती, काळजीपोटी बघितलं. वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्स-रेचे फोटोही पडतात, नाव खोडलंय ना मग चालतं म्हणतात. मीच जास्त ताणतेय का?

उत्तर: अजिबात नाही. उलट आपलीच आहे म्हणून तर जास्त जपायला हवं, बाकीचे पेशंट बरे होऊन घरी जातात, ही मात्र रोज याच लोकांबरोबर डबा खाणार. लॉगिन मिळालं म्हणजे बघायचा हक्क मिळाला असं होत नाही, आज तिचं औषध तुम्ही देणार असाल तर फाइल उघडा, नाहीतर हात लावू नका. बऱ्याच सिस्टिममध्ये कोणी कुठली फाइल किती वाजता उघडली याची नोंद राहते, ऑडिट ट्रेल म्हणतात त्याला, पण पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली आणि अख्खी शिफ्ट त्याच एका लॉगिनवर, असं असेल तर बघणारा भलताच आणि नोंद बिचाऱ्या दुसऱ्याच सिस्टरच्या नावावर. (तुमच्याकडेही असेल ती चिठ्ठी, बघा जरा.)

आता ते नाव खोडणं. 2000 साली लतान्या स्वीनी या अमेरिकन संगणकतज्ज्ञ बाईंनी जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं की झिप कोड (तिथला पिनकोड), जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावरून अमेरिकेतली साधारण 87 टक्के माणसं वेगळी ओळखता येऊ शकतात. पेशंटची माहिती जपण्यासाठीच्या तिथल्या हिपा कायद्याच्या नियमांत ओळख पुसायची तर 18 प्रकारची माहिती काढायची एक यादी आहे, नाव त्यातलं फक्त एक! आणि ग्रुपवरच्या फोटोत नाव खोडतात घाईघाईत, कोपऱ्यातला पेशंट नंबर आणि तारीख तशीच. वर तो फोटो सगळ्यांच्या गॅलरीत उतरतो, बॅकअपला जातो, मग तोच मोबाइल घरी पोरांच्या हातात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवंच असेल तर हॉस्पिटलच्या सिस्टिममधून त्यांनाच पाठवा, ग्रुपवर नको.

तक्रार जरूर करा, लेखी करा, कोणावर आरोप न करता फाइल उघडल्याची नोंद तपासा एवढंच म्हणा. पण त्याआधी त्या मुलीला एकदा विचारा, कारण चौकशी सुरू झाली की तिच्याच आजारपणाची चर्चा परत सुरू होणार.