गेता म्हणजे खडावा का? आणि हवाई चपलेतलं 'हवाई' कुठलं?

प्रश्न असा आलाय. एक ताई जपानी बालकथेचं मराठी करतायत. त्यात एक मुलगा बाहेरून येतो, दारात 'गेता' काढतो आणि आत पळतो. ताईंनी लिहिलं, "त्याने खडावा काढल्या". मैत्रीण म्हणाली की खडावा साधूबैराग्याच्या पायात असतात, पोराच्या कशा असतील, सरळ चपला लिही. तर बरोबर काय? आणि जाता जाता त्यांनी हेही विचारलंय की हवाई चपलेतलं हवाई म्हणजे हवा की ते बेट.

आधी वस्तू कशी आहे ते बघू, कारण लाकूड सोडलं तर खडाव आणि गेता यांच्यात फारसं सारखं काही नाही. खडावेला पट्टा नसतो, पुढे एक खुंटी असते आणि ती अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरून चालायचं, म्हणजे सगळा भार त्या पकडीवर. गेताला कापडी दोरीचा पट्टा असतो, आपल्या रबरी चपलेला असतो तसाच, अंगठ्याजवळून निघून दोन्ही बाजूंना गेलेला, आणि लाकडी फळीखाली दोन आडव्या लाकडी पट्ट्या. त्या पट्ट्यांना जपानीत 'हा' म्हणतात, म्हणजे दात, आणि वरच्या दोरीला 'हानाओ', त्यातलं 'हाना' म्हणजे नाक आणि 'ओ' म्हणजे दोरी. नाकाची दोरी म्हणजे आपली वेसणच की! बैलाच्या नाकातून जशी वेसण ओवतात तशी ही दोरी फळीच्या पुढच्या भोकातून ओवलेली असते. हे कळलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की काय सांगू, कारण आपल्या कोल्हापुरीला दोन बाजूंना कान असतात, कानवाली चप्पल म्हणतोच आपण, आणि तिकडे गेताला नाक आणि दात आहेत. दोन्हीकडच्या कारागिरांना आपल्या हातातल्या वस्तूत तोंड दिसलं.

माझी मावसबहीण ओसाकाला दोन वर्षं नोकरीला होती, तिने येताना एक जोड आणला. मुलुंडला तिच्या घरी गॅलरीत मी तो घालून बघितला. पहिल्या पावलालाच अंग पुढे कलतं, कारण पुढच्या दातावरून पाऊल पुढे लोटलं जातं. टाच मागे थोडी बाहेर राहते आणि ती तशीच राहायला हवी, लहान झाली म्हणून बदलायची नाही. आणखी एक, डावी उजवी असं काही नाही, दोन्ही फळ्या सारख्या, नाकाचं भोक बरोबर मधोमध. त्यामुळे "अरे उलटसुलट घातल्यास चपला" हे वाक्य जुन्या वळणाच्या गेता घालणाऱ्या पोराला आईकडून ऐकावंच लागत नसणार. (ताई, असं वाक्य चुकून भाषांतरात आलं असेल तर काढा.) आवाज मात्र फरशीवर असा घुमला की शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या. जपानीत त्या आवाजाला 'कारान कोरोन' म्हणतात, एका पायाचा एक आणि दुसऱ्याचा दुसरा. मराठीत मी 'खट्खुट्' लिहीन, खाडखाड नको, ते बुटांचं होतं.

आता शब्दाचं. खडावा किंवा पादुका म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर भरताने सिंहासनावर ठेवलेल्या पादुका येतात, नाहीतर आळंदीहून पालखीत निघालेल्या माउलींच्या येतात. पादुका पायात घालायची वस्तू राहिलीच नाहीये, आपण तिला नमस्कार करतो. खडावांचं तितकं नाही पण वास तोच, जप, मठ, पंचा. म्हणून मैत्रिणीचा आक्षेप मला पटतो. पण तिचा उपाय पटत नाही, कारण नुसतं चपला लिहिलं तर दात गेले, उंची गेली, आवाज गेला. आणि उंची शोभेसाठी नाही. चिखलापाण्यात किमोनोची कड वर राहावी हे तिचं मोठं काम, पावसासाठी आणखी उंच दातांच्या गेता वेगळ्या असतात. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको, जूनमध्ये दादर स्टेशनबाहेरून रबरी चपला घालून चाललं की चिखलाची नक्षी थेट कमरेपर्यंत चढते, सलवारीची मागची बाजू बघवत नाही.

मराठीतले आपलेच शब्द घ्यावेत तर तेही आहेत, वहाण आहे (संस्कृत उपानह् पासून आलेला), पायताण आहे, सपाता आहेत ज्यांचं नातं पोर्तुगीज सापातूशी आहे, जोडा आहे. जोडा मला फार आवडतो, एकच शब्द पायातल्यालाही आणि लक्ष्मीनारायणाच्या जोड्यालाही. पण यातलं एकही लाकडी दातांवर उभं राहत नाही. म्हणून माझं मत, गेता हा शब्दच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे "लाकडी दातांच्या गेता" लिहा आणि पुढे नुसतं गेता. चपलेसारखं स्त्रीलिंगी चालवा, एक गेता, दोन गेता, ती काढली, त्या काढल्या. पोरं दोन पानांत शब्द उचलतात.

कथेत पुढे सपाट, बिनदाताची 'zori' येत असेल तर तिथे "अंगठ्याची चप्पल" बिनधास्त लिहा. मूळ शब्दच ठेवायचा तर 'झोरी' नको, 'जोरी' लिहा आणि ज मात्र 'जोडा'मधला, 'जेवण'मधला नाही. शब्दाच्या सुरुवातीला जपानी लोक जो उच्चार करतात तो आपल्या जोडा, जोर, जागा यातल्या ज च्या अगदी जवळचा आहे. हिंदीवाल्यांना तिथे नुक्ता द्यावा लागतो, आपल्या तोंडात तो आधीपासून आहे.

आणि इथेच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. हवाई चपलेतलं हवाई म्हणजे बेटच. हवाई दल, हवाई सुंदरी यांच्यामुळे आपल्याला ते हवेवरून आल्यासारखं वाटतं, त्यात चप्पलही हलकी, म्हणून तो समज पक्का झाला. 1885 पासून करार करून जपानी मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांवर जायला लागले, त्यांच्याबरोबर जोरी गेली. पुढे गवताच्या जागी रबर आलं आणि तीच वस्तू जगभर फिरली. न्यूझीलंडमध्ये जपानी आणि सँडल जोडून 'जँडल' म्हणतात, ब्राझीलमध्ये 1962 साली 'हावायानास' निघाली, म्हणजे शब्दशः 'हवाईच्या', आणि तिच्या तळव्यावर तांदळाच्या दाण्यांसारखी नक्षी ठेवली ती जोरीच्या भाताच्या पेंढ्याची आठवण म्हणून. तेव्हा प्लॅटफॉर्मवर अंगठा सोलमधून निसटतो आणि आपण खालून सेफ्टी पिन घालून स्टेशनबाहेरच्या गटईच्या टपरीपर्यंत पाय ओढत जातो, तो अंगठा म्हणजे त्या हानाओचाच वंशज.

क्रियापदाचंही सांगतो. जपानीत पायाकडून वर चढवायच्या गोष्टींना, म्हणजे बूट, मोजे, पँट, स्कर्ट यांना 'हाकू' हे एक क्रियापद आणि अंगात घालायच्या शर्टाकोटाला 'किरू' हे दुसरं. आपण दोन्हीकडे घालतो, फक्त साडी आणि धोतर नेसतो. भाषांतरात काही अडणार नाही, पण "गेता चढवल्या" नको, बूट चढवतात. "गेता पायात सरकवल्या" छान होईल, कारण त्या हात न लावताच घालतात.

शेवटी एक जागा सांभाळा. अशा गोष्टींत मुलं "आशिता तेन्की नी नारे" म्हणजे "उद्या हवा छान होऊ दे" म्हणत पायातली गेता हवेत उडवतात, सुलटी पडली तर ऊन, उलटी पडली तर पाऊस. आपल्याकडे दारात चप्पल उलटी पडली की आजी आधी ती सुलटी करणार, घरात भांडण होतं म्हणून. मराठी पोर ते वाचून दचकेल, तेव्हा उलटी पडल्याचा अर्थ तिथल्या तिथे वाक्यातच येऊ द्या. मी असं करीन: "त्याने पाय झटकला, गेता गरगरत वर गेली आणि दात आभाळाकडे करून पडली. 'उद्या पाऊस!' ताई ओरडली."