उदारमतवादी, नेमस्त, मवाळ, प्रागतिक

प्रश्न असा आला आहे: रानडे-गोखल्यांच्या परंपरेबद्दल वाचताना ‘उदारमतवादी’, ‘नेमस्त’, ‘मवाळ’ आणि ‘प्रागतिक’ हे शब्द एकमेकांच्या जागी आलेले दिसतात. ते समानार्थी आहेत का? असतील, तर ‘उदारमतवादी’चा विरुद्धार्थी शब्द ‘जहाल’ मानायचा का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण घोटाळा तिथेच होतो. नाही, मानू नये. जहालच्या समोर मवाळ येतो. औषध जहाल असते, विष जहाल असते. स्वभाव मवाळ असतो. माणूस काय मानतो ते या जोडीवरून कळत नाही. जे मानतो ते किती जोराने आणि कोणत्या मार्गाने मागतो, एवढेच कळते. जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात टिळकांनी हे स्वच्छ सांगितले होते: ही नावे काळाशी बांधलेली आहेत, आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. त्याच वर्षी डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली आणि ही जोडी पक्की झाली. जहाल म्हटला जाणारा टिळकांचा गट स्वतःला राष्ट्रीय पक्ष म्हणवत असे, हेही ध्यानात ठेवावे.

‘नेमस्त’ हा मवाळचा सभ्य भाऊ म्हणता येईल. मवाळ शब्दात मऊपणाची टोचणी आहे, ती नेमस्तमध्ये नाही. त्यात नेम आहे, म्हणजे मर्यादा आणि बेत दोन्ही. पण नेमस्तपणाही शेवटी रीतच. तो उदारमतवादापासून वेगळा आहे याचा सर्वांत चांगला पुरावा खुद्द रानड्यांनी ठेवला आहे. १८९५ साली पुण्याची सार्वजनिक सभा ही राजकीय संस्था टिळकांच्या हाती गेली आणि १८९६ मध्ये रानड्यांनी डेक्कन सभा काढली. तिच्या इंग्रजी निवेदनात त्यांनी सभेची दोन ब्रीदे सांगितली, उदारमत (लिबरॅलिझम) आणि नेमस्तपणा (मॉडरेशन), आणि दोहोंचा अर्थ वेगवेगळा उलगडला. उदारमत म्हणजे वंश आणि पंथ यांच्या पूर्वग्रहांपासून मुक्तता, माणसामाणसांत न्याय, राज्यकर्त्यांना कायद्यापुरती निष्ठा आणि प्रजेला कायद्यापुढे समानता. नेमस्तपणा म्हणजे अशक्याचा हव्यास न धरता रोज पुढचे पाऊल टाकणे. एकच शब्द पुरता, तर रानड्यांसारख्या माणसाने दोन वापरले नसते.

आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राचे ब्रीद याच जोडीने वाचावे: ‘इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार’. पहिला अर्धा भाग उदारमतवाद्याचा, दुसरा नेमस्ताचा. आणि आगरकर बोलण्यात कसे होते? त्यांची लेखणी मवाळ होती असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. म्हणजे उदारमतवादी माणूस भाषेने जहाल असू शकतो. उलट बाजूने, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला, म्हणजे मुलींच्या शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्याला, टिळकांनी विरोध केला. परकीय सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये ही त्यांची भूमिका. राजकारणात जहाल, समाजसुधारणेत सावध. जोतीराव फुल्यांना तर या चारांपैकी कोणतेच लेबल नीट बसत नाही. थॉमस पेनचे ‘माणसाचे हक्क’ वाचून समतेची मागणी करणारा हा माणूस सार्वजनिक सभेवरही कडक टीका करत होता. महाराष्ट्रातल्या स्वातंत्र्यविचाराचा तो प्रवाह नेमस्तांच्या यादीत शोधून सापडणार नाही, आणि माझ्या मते शब्दांच्या या गल्लतीचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

मग उदारमतवादाचे खरे विरोधक कोण? यासाठी शब्दाच्या जन्मगावी जावे लागते. राजकीय पक्षाचे नाव म्हणून ‘लिबरल’ शब्द रुजला तो स्पेनमध्ये, १८१० ते १८१२ च्या काडिझच्या संसदेत. राजाची सत्ता संविधानाने बांधू पाहणारे ते ‘लिबेरालेस’; त्यांनी प्रतिपक्षाला ‘सर्विलेस’ म्हटले, म्हणजे ताबेदार. तेव्हा पहिला विरोधक निरंकुश राजसत्तेचा समर्थक. गोव्याने हा वाद लवकर पाहिला: पोर्तुगालमध्ये १८२० ची उदारमतवादी क्रांती झाल्यावर गोव्यातून लिस्बनच्या संसदेसाठी प्रतिनिधी निवडले गेले. त्यांतले बर्नार्दो पेरेस द सिल्वा १८३५ मध्ये गोव्याचे प्रमुख प्रशासक झाले आणि लष्करी उठावाने थोड्याच दिवसांत पदच्युत झाले.

दुसरा विरोधक धर्मसत्ता. १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी चुकीच्या मतांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यातले शेवटचे, ऐंशीवे चुकीचे मत असे की पोपने प्रगती, उदारमतवाद आणि आधुनिक संस्कृती यांच्याशी जुळवून घ्यावे. या दोघांसाठी मराठीत सनातनी, पुराणमतवादी, स्थितिवादी असे शब्द आहेत. तिसरा विरोधक समोरच्या टोकाचा, समाजवादी. त्याचे म्हणणे, कायद्यापुढची समानता भुकेल्याला पुरत नाही. त्याला ‘प्रतिगामी’ म्हणता येत नाही, म्हणून ‘उदारमतवादी विरुद्ध प्रतिगामी’ ही जोडीही अपुरी पडते.

‘उदार’ शब्दाबद्दल एक खंत आहे. ‘लिबरल’च्या लॅटिन मुळात ‘मुक्त माणसाला शोभेल असे’ आणि ‘सढळ हाताचे’ असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने दुसरा घेतला. त्यामुळे उदारमतवाद म्हणजे मोठ्या मनाने दुसऱ्याला सवलत देणे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो सत्तेला मर्यादा घालणारा आणि व्यक्तीला हक्क देणारा विचार आहे. त्यात देणाऱ्याच्या औदार्याचा प्रश्नच येत नाही.

‘प्रागतिक’ हे पक्षाचे नाव. १९१८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या माँटेग्यू-चेम्सफर्ड राज्यसुधारणांवरून नेमस्त काँग्रेसमधून बाहेर पडले आणि मुंबईत सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली त्यांची वेगळी परिषद भरली. त्या पक्षाला मराठीत प्रागतिक पक्ष म्हणत; सप्रू, श्रीनिवास शास्त्री, चिमणलाल सेटलवाड, रँग्लर परांजपे ही त्यातली माणसे. म्हणून हा शब्द १९१८ नंतरच्या संदर्भात वापरावा. रानड्यांना ‘प्रागतिक पक्षाचे’ म्हणणे कालविपर्यास होईल. १९४३ मध्ये पुण्यात डेक्कन सभेच्याच निमंत्रणावरून डॉ. आंबेडकर रानड्यांवर बोलले, तेव्हा हा पक्ष जवळजवळ निपचित पडला होता. १९९१ नंतरचे ‘उदारीकरण’ हे आर्थिक धोरणाचे नाव आहे. त्याच्या पुरस्कर्त्याला नुसत्या तेवढ्यावरून ‘उदारमतवादी’ म्हणू नये.